ओलावा किती चालेल?
हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त भरला की माल परत, हे लातूर-नांदेडकडं लेकरालाही ठाऊक. खरेदीचं सॉफ्टवेअर लिहिणारा हौशी पोरगा हाच आकडा ‘सोयाबीन’ क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ठोकतो आणि फसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं त्या हंगामापुरती मर्यादा १५ टक्के केली. म्हणजे चौदाचा माल समोर पडलाय, पण प्रोग्रामच्या लेखी तो जन्मालाच येत नाही! ओलावा उणे किंवा शंभरावर आला, तर कन्स्ट्रक्टरनं तिथल्या तिथं एक्सेप्शन फेकावं. खोटं ऑब्जेक्ट पुढं सोडूच नये. घ्यायचं की परत पाठवायचं, ते मात्र खरेदीच्या नियमानं वेगळं ठरवावं. परत गेलेल्या मालाचीही नोंद लागतेच की.