फवारणीचा ड्रोन : एकट्याचा नको, कारखान्याचा हवा



मोठी बांधणी झाली, ऊस डोक्याच्या वर गेला, की पंप घेऊन फडात शिरणे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. पात्याने हात-तोंड चिरते आणि वर मारलेले औषध आपल्याच अंगावर येते. म्हणून पायरिला दिसला, पांढरी माशी दिसली, तरी "जाऊ द्या हो, पावसानं धुऊन जाईल" म्हणत आपण गप बसतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. ती कपाशीही पुरुषभर वाढलेली होती. आपल्या बोरी भागातला शेतकरीही तोच पंप पाठीवर घेतो. तेव्हा हा प्रश्न लांबचा नाही.

आता फवारणीचा ड्रोन आला आहे. टाकी साधारण दहा लिटरची, एकरी पाणीही तेवढेच, आणि वेळ दहा मिनिटांच्या आसपास. चालविणारा बांधावर उभा राहतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हापासून देशी बनावटीवर भर आहे. मात्र पंखा मोडला तर सुटा भाग किती दिवसांत मिळेल, हे खरेदीआधीच लिहून घ्यावे.

किंमत लाखांच्या घरात. दोन एकरवाल्या सभासदाने त्यासाठी कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जानेवारी २०२२ च्या केंद्राच्या सूचनांत सहकारी संस्थांच्या भाडे-अवजार केंद्रांना ४० टक्के, जास्तीत जास्त ४ लाख रुपये, अनुदान ठेवले होते. आज काय मिळते, याची कारखान्याने कृषी खात्याकडे चौकशी करावी. कोणाची लागण कोणत्या तारखेची, जात कोणती, हे शेतकी खात्याच्या वहीत आहेच. तोडीचा प्रोग्राम लागतो तसा फवारणीचाही लावावा आणि भाडे ऊसबिलातून कापावे. अठरा वर्षांवरील, दहावी पास मुलामुलींना प्रशिक्षण घेऊन चालक होता येते. ती सभासदांच्या घरचीच असावीत.

पण एक इशारा देतो. ड्रोन आला म्हणून रोज उठून फवारणी करायची नाही! हुमणी मातीत, खोडकीड खोडाच्या आत; वरून औषध उडवून त्या हाती लागत नाहीत. तिथे भुंगेरे गोळा करणे आणि ट्रायकोकार्ड हेच उपाय. २००२ साली राज्यात लोकरी मावा आला, तेव्हा डिफा, मायक्रोमस या मित्रकिडींनीच त्याला आवर घातला होता. सरसकट फवारणी केली तर हे आपले राखणदार आपणच मारू. शिवाय थोड्या पाण्यातले औषध दाट असते. वाऱ्याने ते शेजारच्या तुतीवर गेले, तर त्याच्या रेशीम अळ्यांची भरपाई कोण देणार?

म्हणून नियम करावा : शेतकी खात्याच्या माणसाने फड पाहून लेखी शिफारस दिल्याशिवाय ड्रोन उडणार नाही, वारा असताना उडणार नाही, आणि शेजाऱ्याला आदल्या दिवशी कळविल्याशिवाय तर नाहीच. संचालक मंडळाने येत्या वार्षिक सभेत हा विषय मांडावा. सभासदांनीही नुसते हात वर न करता, दर काय, पाळी कशी, जबाबदारी कोणाची, हे उभे राहून विचारावे.

— एक ऊस उत्पादक सभासद, बोरी