आपल्या मालावर आपलीच छाप हवी

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर निघणारे बरेचसे कापड कोरेच विकले जाते. गाठी बांधून ते पाली, बालोतरा, जेतपूरकडे रंगाई-छपाईला जाते आणि दुकानात येते तेव्हा ताक्यावर भलत्याच नावाचे लेबल असते. माग आपला, मेहनत आपली, रात्रपाळीचे जागरण आपले, नाव मात्र दुसऱ्याचे. कापडाच्या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर आम्ही एक गोष्ट ठामपणे सांगू शकतो. गिऱ्हाईक ज्याचे नाव घेऊन माल मागते, भाव त्याच्याच हाती राहतो. बाकीचे मजुरीचे धनी.

नाव करायचे म्हणजे मोठा खर्च, असे आपल्याकडे पूर्वापार धरून चालतात. चित्रकार गाठा, ब्लॉक करा, छापखान्यात हजारोंच्या संख्येने लेबले छापा, हे लहान कारखानदाराला परवडत नसे. आज ही सबब उरलेली नाही. लेबल, व्हिजिटिंग कार्ड, बिलबुक, पिशवी, दुकानाची पाटी हे सारे तयार करणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि नवशिक्यालाही ती जमतात. प्रश्न इतकाच, की कोणते घ्यावे. ‘जे सोपे ते घ्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो. आमचे मत थोडे वेगळे आहे. सोपेपणा पाहावाच, पण त्याआधी हे पाहावे, की तयार झालेली छाप आपल्या मालकीची राहणार आहे की नाही.

दोन कामे, दोन अवजारे

धंद्याच्या नावासाठी दोन प्रकारचे काम लागते. पहिले काम छापेचे, म्हणजे आपले नाव आणि निशाणी. ती एकदाच करायची असते आणि मुलाबाळांच्या काळापर्यंत टिकवायची असते. दुसरे काम रोजच्या जाहिरातीचे. ईदचा नवा माल आला, लग्नसराईची सूट लावली, दुकानाची वेळ बदलली, की त्याची चित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायची. हे काम आज करायचे आणि उद्या विसरायचे. आपले बंधू ही दोन्ही कामे एकाच अवजाराने करू पाहतात. शिंप्याची कात्री आणि भाजीची सुरी एकच ठेवण्यासारखे ते आहे.

रोजच्या जाहिरातीसाठी कॅनव्हा चांगले आहे. ऑस्ट्रेलियातील या कंपनीने २०१३ साली ते बाजारात आणले. मोबाइलवर चालते, तयार नमुने मिळतात, नाव आणि भाव बदलला की काम झाले. घरी भरतकाम, जरीकाम करणाऱ्या आपल्या बहिणींना तर ते फार सोयीचे आहे. मालाचा फोटो टाकून दहा मिनिटांत जाहिरात तयार होते. तेवढ्यासाठी ते जरूर वापरावे.

परंतु छाप मात्र त्यातल्या तयार नमुन्यावरून करू नये. कारण साधे आहे. तो नमुना तुम्हाला मिळाला तसा जगातल्या कोणालाही मिळतो. आज तुमच्या टॉवेलवर असलेले कमळ किंवा मोर उद्या सोलापूरच्या किंवा सुरतेच्या पाकिटावर दिसला, तर तुम्ही कोणाकडे दाद मागणार? कॅनव्हाचा स्वतःचाच नियम आहे, की त्यांच्या संग्रहातील चित्रे वापरून केलेली निशाणी ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही. शिवाय पार्श्वभूमी काढलेली प्रत आणि एसव्हीजी स्वरूपातील प्रत उतरवून घेण्याची सोय फुकटच्या खात्यात नाही, त्यासाठी पैसे भरावे लागतात. आणि छापेसाठी नेमक्या याच दोन गोष्टी लागतात.

चौकोन आणि माप

एसव्हीजी म्हणजे काय, हे कारागिराला समजायला कठीण नाही. जकार्डची नक्षी आपण ग्राफ कागदावर चौकोन भरून काढतो. दुरून फूल दिसते, जवळ गेले की चौकोन दिसतात. मोबाइलमधला फोटो असाच चौकोनांचा बनलेला असतो. तो मोठा करून पाटीवर लावला, की कडा फाटतात. शिंप्याचे काम निराळे. तो माप लिहून ठेवतो. त्याच रीतीने लहान मुलाचा सदरा बेततो आणि मोठ्या माणसाचाही. रेषांनी बनलेले चित्र असे मापाचे असते. करंगळीच्या नखाएवढे छापा की दुकानाच्या माथ्यावर दहा फूट करा, कड तशीच स्वच्छ. छाप नेहमी या दुसऱ्या प्रकारची हवी.

अशी छाप करण्यासाठी आमची पसंती इंकस्केपला आहे. हे सॉफ्टवेअर २००३ साली सुरू झाले. ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. जगभरातील जाणकार मिळून ते घडवतात आणि त्याचा परवानाच असा आहे, की ते कोणीही वापरावे, धंद्यासाठीही वापरावे, एक पैसा न देता. एकदा संगणकावर उतरवून घेतले की खाते नको, इंटरनेट नको. त्याची मूळ फाइल एसव्हीजीच असते आणि पीडीएफही काढता येते. त्यामुळे कोरल ड्रॉवर काम करणारा आपला नेहमीचा छापखानाही ती घेऊ शकतो.

इंकस्केप अवघड आहे, अशी तक्रार होते. कॅनव्हापेक्षा अवघड आहे, यात शंका नाही. पण छापेसाठी त्यातले सगळे शिकावे लागत नाही. गोल आणि चौकोन काढणे, रेषा वळवणे, दोन आकार जोडणे किंवा एकातून दुसरा कापणे, अक्षरे लिहिणे आणि फाइल काढणे एवढे पुरे. घरातील दहावी-बारावीच्या मुलाने किंवा मुलीने पंधरा-वीस दिवस संध्याकाळचा एक तास दिला, तर हे हाती येते. मागावर सांधणी करायला शिकण्यापेक्षा ते नक्कीच कठीण नाही.

फोटो सुधारण्यासाठी गिंप आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९६ साली आली आणि आजही ते फुकट आहे. पुस्तिका किंवा भावपत्रकाची पाने लावायला आणि छपाईचे चार रंग नीट सांभाळायला स्क्रायबस आहे. अ‍ॅफिनिटी हे पूर्वी पैसे देऊन घ्यावे लागणारे सॉफ्टवेअर कॅनव्हा कंपनीने २०२४ साली विकत घेतले आणि ऑक्टोबर २०२५ पासून फुकट केले. तेही ताकदवान आहे. पण कंपनीने फुकट केलेली वस्तू आणि परवान्यानेच मोकळी असलेली वस्तू यांतला फरक व्यापाऱ्याला सांगायला नको. पहिली देणाऱ्याच्या मर्जीवर असते.

अक्षरांची परीक्षा आधी

आपल्यापुढे एक अडचण अशी आहे, जी इतरांना सहसा येत नाही. आपली छाप बहुधा दोन लिप्यांत लागते, देवनागरी आणि उर्दू. म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी त्यात आपल्या दुकानाचे नाव दोन्ही लिप्यांत टाइप करून पाहावे. जोडाक्षरे तुटतात का? उर्दूची अक्षरे सुटी पडतात किंवा डावीकडून उजवीकडे जातात का? तसे झाले, तर त्याचे बाकीचे गुण पाहण्यात अर्थ नाही. इंकस्केप या परीक्षेत उतरते, मात्र फाँट युनिकोडचा हवा. डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला, की त्याचा खिचडा होतो, हा अनुभव कित्येकांना आहे.

चांगले फाँटही फुकट मिळतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे देवनागरी फाँट, तसेच उर्दूसाठी नोटो नस्तालीक हे मुक्त परवान्याचे आहेत, धंद्याला बिनदिक्कत वापरता येतात. मराठी वाचकाला ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे लागतात, हिंदी वळणाचे खटकतात, तेवढे पाहून घ्यावे. फाइल छापखान्यात देताना अक्षरे ‘कर्व्ह’ करून द्यावीत, म्हणजे तिकडे तो फाँट नसला तरी नाव बदलत नाही. इंकस्केपमध्ये ही सोय आहे.

पाटीच्या बाबतीत कायदाही लक्षात ठेवावा. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. आता दुकान कितीही लहान असो, पाटीवरील नाव मराठीत, देवनागरी लिपीत असलेच पाहिजे. सोबत उर्दू किंवा इंग्रजी चालते, पण मराठी अक्षरे त्यांच्यापेक्षा लहान असता कामा नयेत. छाप बेततानाच हे ध्यानात घेतले, तर पाटी दोनदा करावी लागणार नाही.

कातिबाचा हात

आणखी एक सूचना आम्हाला आग्रहाने करावीशी वाटते. उर्दू वृत्तपत्रांत संगणक आल्यावर कातिबांची कामे गेली. ज्यांच्या हाताला वळण आहे, असे काहीजण अजूनही आपल्या गावात आहेत. आपले नाव त्यांच्याकडून बोरूने लिहून घ्या आणि त्याचा योग्य मोबदला द्या. तो कागद स्कॅन करा. इंकस्केपमध्ये चित्रावरून रेषा उठवण्याची सोय आहे. ती वापरली, की कातिबाचे हस्ताक्षर रेषांच्या चित्रात उतरते. देवनागरीसाठी गावातल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून असेच लिहून घेता येईल. अशी छाप जगातल्या कोणत्याही नमुन्यांच्या संग्रहात सापडणार नाही. तिच्यावर तुमचा हक्क राहील आणि एका कारागिराच्या घरी दोन पैसे जातील.

मात्र ज्याच्याकडून काम करून घ्याल, त्याच्याकडून हक्क सोपवल्याचे सहीनिशी लिहून घ्या. आपल्या देशाच्या कायद्याने चित्राचा हक्क मूळात काढणाऱ्याचा असतो. तोंडी बोलण्याने तो आपल्याकडे येत नाही. मूळ फाइलही मागून घ्या. आमच्या माहितीतील एका टॉवेलवाल्यांनी लेबल डीटीपीच्या दुकानात करून घेतले होते. पुढे ते दुकान बंद पडले आणि फाइल त्याच्याबरोबर गेली. जुन्या लेबलावरून नवे छापावे लागले, तेव्हा अक्षरे जाडी-भरडी आली आणि गिऱ्हाईक विचारू लागले, ‘हा माल नकली तर नाही?’

चोरीची सॉफ्टवेअर वापरून छाप करणे तर कोणत्याच हिशेबाने बसत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार, जाणूनबुजून अशी प्रत वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला, तरी दुसऱ्याचा हक्क मारून आपल्या नावाची सुरुवात करणे आपल्याला शोभत नाही. फुकट आणि हलाल वस्तू समोर असताना तर नाहीच.

छापण्यापूर्वी

छाप तयार झाली की आधी ती एकाच काळ्या रंगात काढून पाहावी. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, म्हणजे रंग वाढला की खर्च वाढला. विणलेल्या लेबलात तर बारीक रेषा धाग्यांत हरवतात. म्हणून ती सेंटिमीटरभर करून हातभर अंतरावरून वाचावी. वाचता आली तर चालेल. निशाणीत पवित्र नावे किंवा आयती घालू नयेत. लेबल फाटते, पिशवी रस्त्यावर पडते आणि बेअदबी होते. धार्मिक भावना दुखावतील अशी निशाणी ट्रेडमार्क म्हणून नोंदवलीही जात नाही.

शेवटची पायरी नोंदणीची. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली सुतासाठी २३, कापडासाठी २४ आणि तयार कपड्यांसाठी २५ असे वर्ग आहेत. अर्ज ऑनलाइन केल्यास एकट्या व्यापाऱ्याला किंवा लघुउद्योगाला प्रत्येक वर्गासाठी ४५०० रुपये फी पडते, इतरांना ९०००. नोंदणी दहा वर्षे चालते आणि पुन्हा वाढवता येते. अर्जाआधी त्या खात्याच्या संकेतस्थळावर तसे नाव कोणी घेतले आहे का, ते फुकट तपासता येते.

थोडक्यात, रोजच्या जाहिरातीला कॅनव्हा, छापेला इंकस्केप, अक्षरांना कातिबाचा किंवा पेंटरचा हात आणि शेवटी नोंदणी, हा क्रम आम्ही सुचवतो. यात सॉफ्टवेअरचा खर्च शून्य आहे. खर्च आहे तो थोड्या वेळाचा, कारागिराच्या मोबदल्याचा आणि नोंदणीच्या फीचा. जे बंधू वर्षाला शेकडो ताके दुसऱ्याच्या नावाने विकतात, त्यांनी निदान एक जात, मग ती लुंगी असो, साडी असो की टॉवेल, आपल्या छापेने बाजारात आणून पाहावी. माल चोख असेल तर गिऱ्हाईक नाव लक्षात ठेवते. पण त्यासाठी मालावर आपले नाव असायला हवे.