आजीचं गोंदण कुणी पुसलं?

आमच्या महिला मंडळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काहीतरी स्पर्धा असतेच. उखाणे झाले, पाककृती झाल्या, हलव्याच्या दागिन्यांची तर इतकी वर्षं झाली की आता दागिने बघूनच कुणाच्या हातचे ते ओळखू येतं. यंदा तरुण सुनांनी नवीनच टूम काढली. "काकू, यंदा फोटोंची गंमत करू." विषय ठरला 'उजनीकाठची मी'. मोबाइलवर दोन-तीन फोटो कापून, जोडून असा एक फोटो करायचा जो कधी खरा असूच शकत नाही, आणि त्याची प्रिंट काढून आणायची. चित्रकलेची शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली मी, त्यामुळे परीक्षकपद आपोआप माझ्या गळ्यात पडलं.

खरं सांगू का, मनातून मी नाक मुरडलं होतं. हे काय पोरखेळ, असं वाटलं. पण हॉलमध्ये सुतळी बांधून, कपड्यांचे चिमटे लावून 34 फोटो टांगले आणि पहिल्या पाच मिनिटांतच माझी हसून पुरेवाट झाली. एक वहिनी रोहित पक्ष्यावर बसून राशीनच्या देवीला निघालेली. एकीने सासूबाईंना होडीत वल्हं मारायला बसवलं होतं आणि स्वतः गॉगल लावून पुढे ऐटीत. (सासूबाई तिथेच होत्या. त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाल्या, "रोजचंच आहे की हे.") एका बाईने धरणाच्या पाण्याचं पिठलं करून मोठ्या कढईत घोटायला घेतलं होतं. रोज स्वयंपाकघर, शेत आणि दुकान यांतच फिरणाऱ्या बायकांच्या डोक्यात एवढी धमाल भरलेली असते, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

आता परीक्षक म्हटल्यावर चार शब्द टीकेचे बोलायलाच हवेत. मैत्रिणी आहात म्हणून बोलते, रागावू नका.

पहिली गोष्ट पक्ष्यांची. निम्म्याहून जास्त फोटोंत जे रोहित होते ते चोचीपासून शेपटीपर्यंत जर्द गुलाबी, लग्नातल्या आइस्क्रीमच्या रंगाचे. ते नेटवरून उतरवून घेतलेले, आणि जात अमेरिकेकडची. आपल्याकडे येतो तो मोठा रोहित दुरून बघाल तर जवळजवळ पांढरा दिसतो, गुलाबीची नुसती झाक. लाल रंग तो पंखात मिटून ठेवतो. उडाला की तो भडकून दिसतो, म्हणून तर त्याला अग्निपंख म्हणतात. पुण्यामुंबईहून माणसं पहाटे उठून जे बघायला कुंभारगावला आणि डिकसळला येतात, ते आपल्या दारात असून आपण परमुलखातला पक्षी डकवला! दुसरं म्हणजे माप. काहींनी त्याला कोंबडीएवढा केला, काहींनी उंटाएवढा. प्रत्यक्षात तो उभा राहिला तर आपल्या खांद्यापर्यंत येईल, काही तर त्याहूनही उंच, आणि वजन असतं दोन ते चार किलो. त्याच्यावर बसणाऱ्या वहिनींनी एवढं लक्षात घ्यावं. आणि सावल्या! पक्ष्याची सावली डावीकडे, बाईची उजवीकडे. उजनीवर काय दोन सूर्य उगवतात? पाण्यात उभं राहिलात तर पाण्यात प्रतिबिंबही पडायला हवं. गंमत खोटी असली तरी तिच्यातला ऊन-सावलीचा हिशोब खरा लागतो, तरच बघणारा क्षणभर फसतो आणि मग हसतो.

हे जोडकाम काही मोबाइलने आणलेलं नाही. लग्नाच्या करिष्मा अल्बममध्ये नवरानवरी कमळात बसलेली आपण सगळ्यांनी पाहिलीयत, त्याला स्टुडिओवाले मिक्सिंग म्हणतात. त्याच्या कितीतरी आधीपासून हे चालत आलंय. माझ्या माहेरी आजी-आजोबांचा जोडीने काढलेला फोटो भिंतीवर होता. आजोबा खुर्चीवर, आजी बाजूला उभी. मी चित्रकला शिकायला लागले तेव्हा एकदा खुर्चीवर चढून तो नीट पाहिला. आजोबांच्या नाकाची सावली एकीकडे, आजीची दुसरीकडे. विचारलं तर आईने सांगितलं, जोडीने फोटो काढायचा राहूनच गेला होता. आजोबा गेल्यावर स्टुडिओवाल्याने दोघांचे वेगवेगळे फोटो कापून एकत्र केले, जोड दिसू नये म्हणून पेन्सिलने टचिंग केलं, त्याचाच पुन्हा फोटो काढला. आजीला हे माहीत होतंच. तरी पाहुण्यांना ती सांगायची, "हा आम्ही बारामतीला जाऊन काढलेला." त्या खोटेपणाचा मला कधी राग आला नाही.

असंच काम करणारी एक मुलगी इंग्लंडमध्ये होती, एल्सी राइट. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांचे फोटो त्यांच्या घरच्यांच्या फोटोंशी जोडून द्यायचं काम ती फोटोच्या दुकानात करायची. 1917 साली, सोळा वर्षांची असताना, तिने आणि तिच्या नऊ वर्षांच्या मामे-मावसबहिणींपैकी एकीने, फ्रान्सिस ग्रिफिथ्सने, कॉटिंग्ली गावच्या ओढ्याकाठी एक गंमत केली. पऱ्यांची चित्रं काढून कापली, टोपीच्या पिनांनी झाडोऱ्यात खोचली आणि फोटो काढले. घरच्यांना चकवायचं एवढाच बेत. पण फोटो फिरत फिरत शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या कॉनन डॉयलकडे गेले. त्यांनी 1920 साली मासिकात लेख लिहून जाहीरच केलं की पऱ्या खऱ्या आहेत! एवढा मोठा माणूस फसलेला बघून पोरींची वाचाच बसली. ती कागदाची चित्रं होती हे त्यांनी उघडपणे कबूल केलं ते 1983 साली. तोवर दोघींच्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. गंमत वेळेवर "गंमत आहे" म्हणून सांगितली नाही की कशी मानगुटीवर बसते बघा.

म्हणून आमच्या मंडळात मी एक हट्ट धरला. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात 'जोडकाम' असं लिहायचं. एकदोघींनी तोंड वाकडं केलं, "काकू, मजा जाते." पण तुम्हीच बघा. एका ताईंनी रोहिताच्या मानेवर हात टाकलेला स्वतःचा फोटो केला होता, इतका बेमालूम की मीही दोनदा पाहिला. तो कुठे कुठे पोचला देव जाणे, पण होडी चालवणारा ओळखीचा एक मुलगा सांगत होता की पाहुणे असले फोटो दाखवतात आणि म्हणतात, असं जवळ ने. होडी जवळ घुसली की थवाच्या थवा चरायचं सोडून उठतो. चिखलात डोकं उलटं घालून, पाणी गाळून त्याचं जेवण चाललेलं असतं. भरल्या ताटावरून उठवण्यातलाच प्रकार. कोपऱ्यात एक शब्द लिहिला असता तर काय बिघडलं असतं? दुसऱ्या बाईचा फोटो तिला न विचारता घ्यायचा नाही, हाही नियम केला. तो का, हे हॉलमधल्या एकाही बाईला समजावून सांगावं लागलं नाही. मुलींचे चेहरे कापून कुठे कुठे चिकटवतात ते आता कानावर येतंच, आणि त्याला मोबाइलवर एक मिनिटही लागत नाही.

पण ज्या फोटोसाठी मी हे सगळं लिहायला बसले तो वेगळाच.

आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलीने आपल्या आजीचा फोटो केला होता. आजी मूळच्या पळसदेवच्या सासुरवाशीण. जुनं पळसदेव उजनीच्या पाण्यात गेलं. धरण 1980 साली पुरं झालं, भीमेकाठची गावं उठली, वर येऊन वसली. पळसनाथाचं जुनं देऊळ मात्र पाण्यातच राहिलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की शिखर दिसायला लागतं आणि फारच उतरलं तर सगळं देऊळ उघडं पडतं. अशाच एका उन्हाळ्यात मुलीने काढलेला देवळाचा फोटो होता. त्याच्या पायरीवर तिने आजीला बसवलं. एका बाजूला चित्रबलाक, दुसऱ्या बाजूला नाकात नथ घातलेली चिलापी मासळी, आणि आजी दोघांना तिळगूळ देतेय. काम सुरेख होतं. सावल्या बरोबर, मापं बरोबर. पहिला नंबर मनातल्या मनात मी देऊनच टाकला होता.

आजी स्वतः हळदीकुंकवाला आल्या होत्या. नात हाताला धरून त्यांना फोटोपाशी घेऊन गेली. आजींनी चष्मा सारखा केला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "देऊळ तर आमचंच हाय. पन ही बाई कोन बसलीया?"

आम्ही हसलो. वाटलं, डोळ्याला कमी दिसत असेल. नात म्हणाली, "अगं आजी, तूच आहेस की." आजींनी मान हलवली. मी पुढे होऊन पाहिलं तेव्हा लक्षात आलं. आजींच्या कपाळावर मधोमध गोंदलेली तुळस आहे, हनुवटीवर तीन ठिपके आहेत. फोटोतल्या बाईच्या कपाळावर काहीच नव्हतं. गालावरच्या सुरकुत्या निम्म्या झालेल्या, रंग दोन हात उजळलेला. मुलीला विचारलं तर ती बिचारी गोंधळून गेली. तिने मुद्दाम काहीच पुसलं नव्हतं. चेहरा चांगला दिसावा म्हणून ॲपमधलं एक बटण दाबलं होतं, रोज स्वतःच्या फोटोला दाबते तसं. त्या बटणाने गोंदण म्हणजे डाग समजून साफ करून टाकलं.

आजींना ते कळलं तेव्हा त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की ही तुळस तिकडं देवळाम्होरंच गोंदून घेतली होती, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, आणि सासूनं हात घट्ट धरून ठेवले होते. आपल्याकडे जुन्या बायका म्हणायच्या, सोनंनाणं इथंच राहतं, वर जाताना गोंदण तेवढं बरोबर येतं. आजींचं घर पाण्यात गेलं, गल्ली गेली, जात्याची जागा गेली. त्या गावातलं त्यांच्या अंगावर जे उरलं होतं ते त्यांच्या नातीच्या बोटाने, प्रेमापोटी, एका बटणात गेलं.

मग मी सुतळीवरचे 34 फोटो पुन्हा एकदा पाहत गेले. या वेळी पक्षी सोडले आणि बायका पाहिल्या. अहो, एकही सावळी बाई नाही! भिगवणच्या उन्हात उसाच्या बांधावर जाणाऱ्या, मासळी बाजारात बसणाऱ्या आम्ही, आणि फोटोत सगळ्या दुधात धुतलेल्या. कुणाची हनुवटी टोकदार, कुणाचे डोळे बाहुलीसारखे. ज्या वहिनींच्या कपाळावर पोळीची वाफ लागल्याचा व्रण आहे, त्यांचा व्रण गायब. माझ्या शेजारीण काकूंना तर मी नावावरून ओळखलं. रोहितावर बसायची, पाण्याचं पिठलं घोटायची कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघते, त्यांनाच स्वतःचं नाक-डोळे लपवावेसे वाटले. रोहित खोटा असू दे, होडी खोटी असू दे, पण तिच्यात बसलेली तर तू हवीस ना गं? तूच नसलीस तर गंमत कुणाची? तिसऱ्याच कुठल्या तरी गोऱ्या बाईची!

मला माहीत आहे, यावर म्हणाल की काकू, तुमच्या पिढीला काय कळतंय. जन्मभर आम्हाला सावळी म्हणून ऐकवलं, स्थळं फिरली, आता फोटोत तरी चार घटका गोरं होऊ द्या. एक सून असं म्हणालीसुद्धा, हसत हसत, पण तिचे डोळे हसत नव्हते. तिला मी काही उत्तर देऊ शकले नाही. स्टुडिओवालाही टचिंग करताना पावडरीचा हात मारायचाच, माझ्या लग्नाच्या फोटोत मीही आहे त्यापेक्षा उजळ आहे, आणि तेव्हा मला ते आवडलं होतं. पण म्हणूनच सांगते, तो फोटो माझ्या मुलीने लहानपणी पहिल्यांदा बघितला तेव्हा विचारलं होतं, "आई, बाबांबरोबर ही कोण?"

पहिला नंबर शेवटी मासळीचा धंदा असलेल्या घरातल्या एका मावशींना दिला. त्यांच्या फोटोत भलीमोठी चिलापी बाजारात पाट मांडून बसलीय, हातात तराजू, आणि पाटीत बर्फावर ओळीने झोपवलीयत माणसं. त्यांत स्वतः मावशी, त्यांचे यजमान आणि कोपऱ्यात भाव करणारं गिऱ्हाईक. मावशी तशाच, उन्हाने रापलेल्या, हाताला खवले चिकटलेले. त्यांना ते बटण माहीतच नव्हतं. चिलापीचा तराजू मात्र थोडा मारलेला दाखवलाय. "असू दे, आम्ही बी मारतो," असं म्हणाल्या आणि मग जीभ चावली.

कॉलेजच्या मुलीने चार दिवसांनी फोटो पुन्हा करून आणला. मूळ फोटोतला आजीचा चेहरा जसाच्या तसा, तुळशीसकट, सुरकुत्यांसकट. मी तिच्याबरोबर घरी गेले. आजींनी फोटो हातात घेतला, कपाळाच्या जागी बोट ठेवून पाहिलं आणि लगेच कामाला लावलं नातीला. "आता शेजारी माज्या थोरल्या जावंला बसीव. तिचं गोंदान माज्यापरीस मोटं हुतं, तेवढं ध्यान ठिव. आन् सासूला बी आन. पन तिला जरा लांब बसीव, त्या खांबापशी."