कॅमेरा धरणाऱ्याची जबाबदारी



दहावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात एकच प्रश्न ऐकू येतो, "सर, पुढे काय घ्यावे?" उत्तर बहुधा घरूनच ठरून आलेले असते. मॅथ्स, बायो, नाहीतर कॉमर्स. एखादा मुलगा मात्र हळूच म्हणतो, "मला फोटोग्राफी करायची आहे." मग आई-वडील ओशाळून हसतात आणि म्हणतात, "शौक म्हणून ठीक आहे सर, पण त्याने पोट भरेल का?"

पालकांची ही काळजी रास्त आहे. पण प्रश्न अपुरा आहे. तो का, हे सांगण्यासाठी मी एक जरा विचित्र उदाहरण घेतो. ते आदर्श म्हणून देत नाही. आपली मुले ज्या प्रकारचे व्हिडिओ मोबाईलवर पाहतात त्याचे मूळ त्यात आहे, म्हणून देतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात स्केटबोर्ड, म्हणजे चार चाकांची फळी, हा तरुणांचा जुना छंद. १९९२ साली तिथे या खेळाला वाहिलेले 'बिग ब्रदर' नावाचे मासिक निघाले. (त्याच नावाच्या टीव्ही कार्यक्रमाशी त्याचा संबंध नाही.) मासिक उनाड होते आणि त्यातला बराचसा मजकूर शाळेच्या वाचनालयात ठेवण्याजोगा नव्हता. रिक कोसिक हा या मासिकाचा छायाचित्रकार. त्याचे काम काय, तर फळीवरून उड्या मारणाऱ्या पोरांचे फोटो काढणे! आपल्याकडे असा मुलगा असता, तर नातेवाइकांनी काय म्हटले असते ते सांगायला नको.

पण या कामात काय काय शिकावे लागते, ते पाहा. स्केटर पायऱ्यांवरून झेप घेतो आणि फोटोचा क्षण डोळ्याची पापणी लवण्याआधी निघून जातो. उडी दिसल्यावर बटण दाबले तर उशीर झालेला असतो, म्हणून तो क्षण आधीच ओळखावा लागतो. 'फिशआय' नावाचे खूप रुंद दृश्य टिपणारे भिंग वापरायचे, तर खेळाडूच्या अगदी हाताच्या अंतरावर जावे लागते. खेळाडू घसरला तर फळी सरळ कॅमेऱ्यावर येते. एकच उडी पंचवीस-तीस वेळा फसते आणि तितक्या वेळा छायाचित्रकाराला जमिनीवर आडवे पडून तयार राहावे लागते. त्या काळी फिल्मच्या एका रोलमध्ये ३६ फोटो निघत, त्यामुळे उधळपट्टीची सोय नव्हती. व्हिडिओचे चित्रीकरण करणारा तर एका हातात कॅमेरा धरून स्वतःही फळीवर उभा राहतो आणि खेळाडूच्या मागे धावतो. १९९५ मध्ये आलेला सोनीचा व्हीएक्स-१००० हा छोटा डिजिटल कॅमेरा या मंडळींचा आवडता झाला, कारण वरच्या मुठीने धरून तो जमिनीलगत नेता येई.

पुढे जॉनी नॉक्सव्हिल नावाच्या एका धडपड्या नटाने या मासिकाला एक लेख सुचवला. स्वसंरक्षणाची साधने स्वतःवरच चालवून पाहायची आणि अनुभव लिहायचा, अशी त्याची कल्पना. संपादक जेफ ट्रेमेन म्हणाले, नुसते लिहू नका, चित्रीकरणही करा. अशा चित्रणांतून ऑक्टोबर २००० मध्ये एमटीव्हीवर 'जॅकॅस' ही अंगावर संकट ओढवून घेऊन हसवणारी मालिका सुरू झाली. २००२ पासून तिचे चित्रपटही निघाले. कॅमेरे धरले कोणी? त्याच मासिकाच्या छायाचित्रकारांनी, रिक कोसिक आणि दिमित्री एल्याश्केविच यांनी. २०२२ साली 'जॅकॅस फॉरेव्हर' आला तेव्हाही ही जोडी कॅमेऱ्यामागे होती. मालिकेच्या तीन जनकांपैकी एक, स्पाइक जोन्झ, हाही मुळात सायकल आणि स्केटबोर्डच्या मासिकांचा छायाचित्रकार. पुढे तो चित्रपट दिग्दर्शक झाला आणि 'हर' या चित्रपटाच्या पटकथेसाठी २०१४ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले.

मोठ्या स्टुडिओतले कॅमेरामन सोडून या माणसांनाच काम का मिळाले? ओळख होती, हे खरेच. पण तेवढ्यावर वीस वर्षे निघत नाहीत. अशा चित्रीकरणात दिग्दर्शक "पुन्हा एकदा करू" म्हणू शकत नाही. प्रसंग एकदाच घडतो. कुठे उभे राहायचे, कुठून माणूस येऊन आदळेल, प्रकाश कुठून आहे, हे त्याच क्षणी उमगावे लागते. पायऱ्यांशेजारी जमिनीवर पडून कमावलेले कसब इथे कामी आले. छंद बदलला, हातातली विद्या तीच राहिली.

आपल्या इंदूरलाही हे नवे नाही. १८६६ साली इथल्या बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे काढण्यासाठी रुजू झालेला एक तरुण पुढे फोटोच्या नादी लागला. राजा दीनदयाल म्हणून तो देशभर गाजला आणि हैदराबादच्या निजामाचा दरबारी छायाचित्रकार झाला. म्हणून पालकांना माझे सांगणे असे की "याने पोट भरेल का?" एवढ्यावर थांबू नका. "यातून तू नेमके काय शिकतो आहेस?" हेही विचारा. मुलाला उत्तर देता आले तर शौकात दम आहे. देता आले नाही तर तो नुसता वेळ घालवतो आहे.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही, तर मी शिक्षक कसला?

जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात १३ वर्षांचा एक मुलगा या मालिकेतील आगीच्या करामतीची नक्कल करताना गंभीर भाजला. पडद्यावरच्या माणसाने आगीपासून वाचवणारा खास पोशाख घातला होता. मुलाकडे तो नव्हता. सिनेटर जोसेफ लीबरमन यांनी वाहिनीला जाब विचारला आणि वाहिनीने कार्यक्रम रात्री दहानंतरच दाखवण्याचे ठरवले. हे चित्रपटही तिथे प्रौढांच्या श्रेणीतले आहेत, आपल्या विद्यार्थ्यांसाठी मुळीच नाहीत. आणि सगळी तयारी असूनही इजा चुकत नाही. 'जॅकॅस फॉरेव्हर'साठी बैलासमोर उभ्या राहिलेल्या नॉक्सव्हिलचे मनगट आणि बरगडी मोडली, मेंदूत रक्तस्राव झाला. हिंदीत ज्याला 'देखा-देखी' म्हणतात, ती करणाऱ्याला हे काहीच दिसत नाही. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

गेल्या सत्रात आपल्या शाळेत काय घडले ते बहुतेकांना ठाऊक आहे. मधल्या सुट्टीत एक विद्यार्थी मागच्या जिन्याच्या कठड्यावरून उडी मारताना पडला आणि त्याचे मनगट मोडले. दुसरा मोबाईलवर चित्रीकरण करत होता. नंतरच्या बैठकीत दोन मते पुढे आली. काही पालक म्हणाले, "चित्रीकरण करणाऱ्याचा काय दोष? त्याने तर नुसता मोबाईल धरला होता." काही विश्वस्तांचे मत असे की मोबाईल आणि कॅमेरा या विषयाला शाळेत कायमची बंदी असावी, फोटोग्राफीचा वर्गही नको.

दोन्ही मते मला पटत नाहीत. नुसता मोबाईल धरणे असे काही नसते. समोर कॅमेरा नसता, तर ती उडी कदाचित मारलीच गेली नसती. पाहणारा आहे म्हणून करणारा आहे. तेव्हा कॅमेरा धरणारा हा त्या कृत्याचा भागीदार आहे आणि "थांब, उतर खाली" म्हणण्याचा पहिला अधिकार आणि पहिले कर्तव्यही त्याचेच. पण म्हणून त्याच्या हातातून कॅमेरा काढून घेतला, तर तो तेच काम गल्लीत करील, जिथे सांगणारे कोणी नसेल. शिस्त साधनाबरोबरच शिकवावी लागते.

याचा उत्तम दाखला आपल्याच मध्य प्रदेशात आहे. पन्ना जिल्ह्यातील जनवार गावात २०१५ मध्ये एका जर्मन महिलेच्या पुढाकाराने मुलांसाठी स्केटबोर्डचे मैदान झाले. नियम दोनच ठेवले. शाळेत न जाणाऱ्याला फळी मिळणार नाही आणि मुलींना पहिली संधी. फळीवर बंदी घातली नाही, फळीलाच शाळेशी जोडले.

आपणही तसे करावे. नव्या सत्रापासून शनिवारी आठवी ते अकरावीसाठी छायाचित्रण मंडळ सुरू करावे, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवत आहे. शाळेचे दोन साधे कॅमेरे पुरेत. मोबाईल घरीच राहील. गणेशोत्सव, स्नेहसंमेलन, क्रीडा दिन यांची छायाचित्रे मुलेच काढतील आणि ती याच अंकात छापू. मंडळाचा पहिला नियम असा असेल की समोरच्याला इजा होईल असे काही दिसले, तर आधी कॅमेरा खाली. सभासदाचे हे कर्तव्य फोटोपेक्षा मोठे. आणि ज्या विद्यार्थ्याने त्या दिवशी मोबाईल धरला होता, त्याला मंडळाचा पहिला सभासद करावे, अशी माझी विनंती आहे. त्याच्याइतकी या नियमाची किंमत आज आपल्या शाळेत दुसऱ्या कोणाला कळलेली नाही.

पालकांनी आपले मत लेखी कळवावे. विरोधी मताचेही स्वागत आहे.

आपला,
प्राचार्य