बाळसे की सूज?

गेल्या महिन्यात गारखेड्यातील एक आजीबाई चौदा महिन्यांच्या नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. तक्रार साध्या सर्दीची होती, पण आजींना सांगायचे होते वेगळेच. "डॉक्टर, पोरगी कशी गुटगुटीत झालीय बघा. फडावर जन्मली तवा मुठीएवढी व्हती." मूल खरोखरच गोलमटोल होते. वजन भरले ९.६ किलो, म्हणजे वयाच्या मानाने अगदी योग्य. कार्डावरचा ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला. मग तिला टेबलावर आडवी निजवून लांबी मोजली, ती ७०.५ सेंटिमीटर निघाली. या वयाच्या मुलीची लांबी सुमारे ७६ सेंटिमीटर असते. मूल खुजे होते आणि त्या खुज्या अंगावर वजन जादा होते.

हे कुटुंब उसतोडीचे. दिवाळीनंतर कोयता घेऊन निघायचे आणि उन्हाळा लागता परतायचे. यंदा गावी परत न जाता त्यांनी इथेच एक खोली भाड्याने घेतली. बाप सेंटरिंगच्या कामावर जातो, आई चार घरची धुणीभांडी करते. रूढ अर्थाने हे निर्वासित नव्हेत. निर्वासित म्हणजे युद्धामुळे किंवा फाळणीमुळे देश सोडून आलेला. पण पाणी नाही, काम नाही म्हणून ज्याला गाव सोडावे लागते, त्याच्या तान्ह्या मुलाच्या शरीराला हा फरक कळत नाही. पोटात असताना उपासमार, जन्मल्यावर फडातली कोपी आणि मग शहरातले पुड्यातले खाणे, हीच त्याची वाटचाल असते.

अशी मुले जन्मतःच थोडी वेगळी असतात, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे वजनाने, स्नायूंनी, पोटाच्या घेराने लहान. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मोजली तेव्हा ती जवळजवळ इंग्रज बाळांइतकीच निघाली! म्हणजे वाळलेले दिसणारे आपले मूल चरबी राखून जन्मते. पोटात अन्न कमी पडले की शरीर हाडामांसात काटकसर करते, चरबीत मात्र करीत नाही.

अशा मुलाला पुढे काय खायला मिळते, यावर बरेच अवलंबून असते. दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांची तिशीच्या सुमारास तपासणी झाली. ज्यांना मधुमेह झाला होता किंवा होऊ घातला होता, ते दोन वर्षांचे होईपर्यंत बारीक होते आणि त्यानंतर झपाट्याने अंगाने भरत गेले होते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, बालपणी त्यांना कोणीही लठ्ठ म्हटले नसते. आपल्या कार्डावर ती सगळी मुले 'छान' ठरली असती. २०१३ मध्ये भारतासह पाच देशांतील माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा हेच अधिक स्पष्ट झाले. पहिल्या दोन वर्षांत मूल उंचीने वाढले तर ते पुढे लाभाचे ठरते. नंतरच्या वयात नुसते वजन वाढत राहिले, तर रोगांना आमंत्रण.

उपासमार आणि लठ्ठपणा एकाच घरात कसे नांदतात, असे कोणी विचारील. अल्जीरियाच्या वाळवंटात पश्चिम सहाराचे निर्वासित १९७५ पासून छावण्यांत राहत आहेत. २०१० च्या पाहणीत तिथल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांचे वजन जादा आढळले आणि चारांतले एकाहून अधिक मूल खुजे. मदत म्हणून येते ते पीठ, तेल आणि साखर. पोट भरते, पण हाडामांसाला लागणारे मिळत नाही. आपल्या वस्त्यांत मदतीची गाडी येत नाही, कोपऱ्यावरचे किराणा दुकान तेच काम करते.

गारखेड्यातल्या त्या घरात आई सकाळी सातला बाहेर पडते आणि दुपारी एकला परतते. तोवर मूल आजीकडे. आजी चहात बिस्किट बुडवून भरवते, मूल रडले तर पाच रुपयांची वेफर्सची पुडी. तिला नावे ठेवणे सोपे आहे. पण बिस्किटाला चूल लागत नाही, ते नासत नाही, उधारीवर मिळते आणि पाच मिनिटांत मूल शांत होते. ज्या घरी पाणी दोन दिवसांनी येते, तिथे मऊ भात शिजवण्याचा उपदेश करण्यापूर्वी डॉक्टरांनीही थोडे थांबावे. मीही वर्षानुवर्षे अशा आयांना "वजन वाढवा" एवढेच सांगून वाटेला लावत होतो. त्यांनी ते माझे ऐकले, एवढाच त्यांचा दोष.

महाराष्ट्रात पाच वर्षांखालील जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झाले. खुज्या मुलांचे प्रमाण मात्र ३५ टक्क्यांच्या आसपासच राहिले. चार टक्के म्हणजे काहीच नाही असे वाटेल, पण त्या आजींची नात वजनकाट्यावर या चारांत बसत नाही आणि तरीही तिची वाट तीच आहे.

म्हणून माझा आग्रह आहे तो उंचीसाठी. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाल्यापासून अंगणवाड्यांना उंची मोजण्याची साधने देण्यात आली. ती वापरली जावीत, आणि दोन वर्षांखालच्या मुलाला आडवे निजवूनच मोजावे. खासगी दवाखान्यांनीही हे करावे, त्याला दोन मिनिटे लागतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचे नाव कोणत्याच अंगणवाडीत नसते. ते विचारून नोंदवून घेणे हे ताईंच्या वाढत्या कामात आणखी एक काम आहे, हे मान्य. पण ज्या मुलाला त्याची सर्वांत जास्त गरज, तेच यादीबाहेर राहते.

खाण्याचे म्हणाल तर सहा महिने फक्त अंगावरचे दूध, पुढे दोन वर्षांपर्यंत तेही आणि वरचे अन्नही. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, मुगाच्या खिचडीत शेंगदाण्याचे बारीक कूट, परवडेल तेव्हा एक अंडे. सकाळी आईने स्वयंपाक केला तेव्हाच मुलाची वाटी काढून झाकून ठेवली तर आजीला ती भरवता येते. गर्भारपणात पालेभाजी, फळे, दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे जन्मतः मोठी होती, असेही पुण्याच्या त्याच अभ्यासात आढळले. मेथी, पालक, शेपू बाजारात अजून तरी बिस्किटापेक्षा महाग नाहीत.

पुढच्या खेपेला मुलीची आई स्वतः आली. एका घरचे काम बुडवून आली होती. तिने सगळे ऐकून घेतले, कार्ड पिशवीत घालून गुंडाळले आणि विचारले, "दिवाळीनंतर मुकादम पुन्हा बोलवतोय. उचल घेतलीय मालकांनी. तिकडं कारखान्यावर हिची उंची कोण मोजंल?" मी कार्डावर पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा लिहून दिल्या.