भागिले चार म्हणजे न्याय नव्हे

पुण्यात कर्वेनगर असो, कोथरूड असो, विमाननगर असो की सदाशिव पेठ, चार-पाच जणांनी मिळून भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमध्ये लाइट बिल आलं की बहुतेक ठिकाणी एकच तोडगा निघतो. रकमेला डोक्यांनी भागायचं आणि विषय संपवायचा. या तोडग्याचे समर्थक तीन गोष्टी सांगतात. समान वाटणी हाच न्याय; बिल वाचून कुणाला काय कळतं; आणि शे-दोनशे रुपयांसाठी रूममेटशी वाद कोण घालणार? तिन्ही मुद्दे मला अमान्य आहेत. बिल कळतं, अर्ध्या तासात कळतं. स्पर्धा परीक्षेसाठी लातूर-नांदेडहून आलेल्या आणि मेसचे पैसे मोजून देणाऱ्या मुलाला शे-दोनशे रुपये थोडे नसतात. आणि वापर समान असेल तरच समान वाटणी न्याय्य ठरते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण पुष्कळ भांडणं त्याच्यापायीच होतात. ‘शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटांना महाग दर लागतो’ असं शिकलेसवरलेले लोकही छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली १०० युनिट, मग ३००पर्यंतची, मग ५००पर्यंतची आणि शेवटी त्यापुढची. प्रत्येक टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मंजूर केलेल्या २०२४-२५च्या महावितरणच्या दरांत पहिल्या टप्प्याला युनिटमागे ४ रुपये ७१ पैसे, दुसऱ्याला १० रुपये २९ पैसे आणि तिसऱ्याला १४ रुपये ५५ पैसे होते; शिवाय प्रत्येक युनिटवर १ रुपया १७ पैसे वहन आकार. म्हणजे पहिल्या शंभर युनिटांचे ५८८ रुपये आणि एकशेएकाव्या युनिटाचे जेमतेम साडेअकरा. दर बदलत राहतात, आकारणीची रीत तीच राहते.

रीडिंग उशिरा घेतलं की आपण आपोआप वरच्या टप्प्यात जातो, हीसुद्धा अशीच भीती. २०२०च्या टाळेबंदीत रीडिंग थांबलं होतं, जूनमध्ये तीन महिन्यांचा हिशेब एकदम आला आणि राज्यभर संताप उसळला. तेव्हा महिन्यांच्या प्रमाणात टप्पे वाढवूनच आकारणी केल्याचा खुलासा महावितरणला करावा लागला होता. बिलावर मागचं रीडिंग असतं, चालू रीडिंग असतं. पडताळा घ्यायला एवढं पुरेसं आहे.

आता खरा वाद, एसीचा. समजा, फ्लॅटमध्ये चौघे राहतात. पंखे, दिवे, फ्रिज, गिझर आणि वॉशिंग मशीन मिळून महिन्याला २०० युनिट लागतात. एकाच्या खोलीत एसी आहे आणि तो आणखी २०० युनिट खातो. वर दिलेल्या दरांनी ४०० युनिटांचे, स्थिर आकार आणि इतर आकार सोडून, ४४५२ रुपये होतात. डोक्यांनी भागलं तर प्रत्येकी १११३. एसी नसता तर याच चौघांना २०० युनिटांचे १७३४ रुपये, म्हणजे प्रत्येकी साधारण ४३४ पडले असते. याचा अर्थ, ज्यांच्या खोलीत गार हवेची झुळूकही पोचत नाही असे तिघे प्रत्येकी पावणेसातशेहून जास्त रुपये दुसऱ्याच्या झोपेसाठी देतात. याला समानता म्हणणं मला मान्य नाही.

इथे एसीवाला एक बरा वाटणारा युक्तिवाद करतो. ‘ठीक आहे, युनिटांप्रमाणे वाटू. ४०० युनिटांचा सरासरी दर ११ रुपये १३ पैसे येतो, माझ्या एसीच्या २०० युनिटांचे २२२६ मी देतो.’ हिशेब नेटका दिसतो, पण त्यात एसीचे ४९२ रुपये गुपचूप चौघांच्या सामायिक वाट्यात जातात. चौघांच्या रोजच्या गरजेची २०० युनिट पहिल्या दोन टप्प्यांत भागली असती. तिसऱ्या टप्प्यात फ्लॅट गेला तो एसीमुळे. म्हणून एसीची युनिट वरच्या टोकाकडून मोजली पाहिजेत. १०० युनिट तिसऱ्या टप्प्यातली आणि १०० दुसऱ्या टप्प्यातली, एकूण २७१८ रुपये. यावर तो म्हणेल, मी एकटा राहत असतो तर मलाही पहिली शंभर स्वस्तात मिळाली असती. बरोबर आहे, पण तो एकटा राहत नाही. म्हणून तर त्याला भाडं एक चतुर्थांश पडतं. आणि स्वस्त टप्प्यातला त्याचा चौथा वाटा त्याच्या पंख्याला, दिव्याला, आंघोळीच्या पाण्याला मिळालेलाच आहे. त्याच वाट्यावर एसीसाठी दुसऱ्यांदा हक्क सांगता येत नाही. एसीच्या लाइनवर वायरमनकडून सब-मीटर बसवून घेतला की अंदाजांवरचे वाद संपतात.

मात्र हाच न्याय उलट्या दिशेनेही लावायला हवा. घरून काम करणाऱ्या मुलीला ‘तुझा लॅपटॉप दिवसभर चालू असतो’ असं ऐकवलं जातं. लॅपटॉप साधारण ५०-६० वॉट घेतो. दहा तास चालला तरी अर्ध्या युनिटाच्या आसपास. दोन किलोवॉटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट संपवतो. म्हणजे तिच्या दोन दिवसांच्या कामाला जेवढी वीज लागते, तेवढी एखाद्याच्या लांबलेल्या आंघोळीत जाते. जे यंत्र डोळ्यांसमोर असतं त्याच्यावर संशय घ्यायचा आणि जे माळ्याखाली लपलेलं असतं ते विसरायचं, हा हिशेब नव्हे.

‘मी दिवाळीला महिनाभर गावी होतो, मला काहीच लागू नाही’ हा दावाही पूर्ण मान्य करता येत नाही. बिलातला स्थिर आकार घर बंद असलं तरी येतो. फ्रिज आणि राउटर चालूच असतात. गेलेल्याने स्थिर आकाराचा आणि या सामायिक विजेचा आपला वाटा द्यावा. बाकीच्या युनिटांतून तो सुटला. वीज शुल्क १६ टक्के असतं आणि ते रकमेवरच लागतं, त्यामुळे ज्याची रक्कम जास्त त्याच्याकडे ते त्याच प्रमाणात जातं. त्यासाठी वेगळी वाटणी लागत नाही. विलंब आकार मात्र ज्याने पैसे देताना उशीर केला त्याचा. त्यात चर्चेला जागा नाही.

गॅसचा हिशेब याहून सोपा असूनही तिथे जास्त अन्याय होतो, कारण रक्कम लहान म्हणून कुणी बघत नाही. महाराष्ट्र नॅचरल गॅसची पाइपलाइन असेल तर मीटर घनमीटरमध्ये मोजतो आणि बिल दोन महिन्यांचं येतं. मध्येच राहायला आलेल्याकडून पूर्ण बिलाचा वाटा घेतला जातो, तो चूक आहे. तो आला त्या दिवशी मीटरवरचा आकडा लिहून ठेवायला मिनिटही लागत नाही. सिलिंडर असेल तर १४.२ किलो गॅस भरलेला असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. काट्यावर ठेवलं की किती उरला ते कळतं. दोन्ही वेळा मेसमध्ये जेवणाऱ्याने स्वयंपाकाच्या गॅसचा वाटा का द्यावा? ‘चहा तर सगळेच पितात’ असं उत्तर येतं. मग चहापुरता वाटा घ्या. भाकरी-भाजी, कुकर, रविवारची बिर्याणी यांचा भार, ज्यांनी ते खाल्लं त्यांच्यावर. आणि विजेचं बिल वाचवायला बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावायचा विचार असेल तर तो कृपा करून सोडून द्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्या वायूने माणसं मेली आहेत.

रूममेटच्या वादापेक्षा मोठा अन्याय कॉट बेसिसच्या, म्हणजे खाटेप्रमाणे भाडं घेणाऱ्या, काही जागांत होतो. तिथे मूळ बिल कधी दिसतच नाही. घरमालक सब-मीटर लावतो आणि युनिटला मनाला येईल तो एकच दर सांगतो. ‘आम्हालाही वरच्या टप्प्याने पडतं’ हे त्याचं समर्थन. पडत असेल. पण बिल दाखवल्याशिवाय ते सिद्ध होत नाही, आणि वरच्या टप्प्याचा दर पहिल्या युनिटापासून लावणं तर महावितरणच्या घरगुती दरपत्रकात बसत नाही. वीज कायदा, २००३च्या कलम १२नुसार परवान्याशिवाय विजेचा व्यापार करता येत नाही. प्रत्यक्ष आलेला खर्च वसूल करणं आणि विजेवर नफा कमावणं यांत फरक आहे, आणि तो फरक फक्त मूळ बिलावर दिसतो. वीजदर आणि ग्राहकहक्क या विषयांवर पुण्यातल्याच प्रयास ऊर्जा गटाने वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. अशा शहरात भाडेकरूला बिल बघायला मिळू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

हिशेब मागितला की मैत्री तुटते, असं सांगणारे शेवटी उरतात. माझं निरीक्षण उलटं आहे. मनात साठवलेल्या पाचशे रुपयांनी जितक्या मैत्र्या तुटतात तितक्या कागदावर मांडलेल्या पाचशे रुपयांनी तुटत नाहीत. तक्रार करायला जागा उरत नाही, म्हणून बोलणंही बंद पडत नाही.

पुण्यात बहुतेक फ्लॅट ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. पुढचा करार करताना वीज आणि गॅस दोन्ही मीटरचं त्या दिवशीचं रीडिंग त्यात लिहून घ्या आणि दर वेळी मूळ बिलाची प्रत मिळेल हे कलम घाला. चौघांनी आपापसातली वाटणीची पद्धत एका कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या, एसी बसण्याच्या आधी.