अर्ध्यात मिळवलं, तरी अर्ध्याहून कमी?

परवा शेजारच्या पाचवीतल्या चिमुरडीने वही पुढे केली. १/२ + १/३ = २/५. वरचे वर मिळवले, खालचे खाली, झाली बेरीज! मी लाल पेन उचललं आणि थांबले. तिच्या वयात मीही हेच लिहिलं होतं. तेव्हा फुली मिळाली आणि 'आधी समच्छेद करा' हा नियम. का करायचा, ते मी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. पुढे गणित नसलेला कोर्स शोधला. तुमच्यापैकी कितीजण असेच इकडे आलात, खरं सांगा! आज बातमीत 'एक तृतीयांश' लिहायचं म्हटलं तरी मी दोनदा तपासते.

फुलीऐवजी मी तिला विचारलं, "अर्धी भाकरी होती, त्यात अजून तुकडा ठेवला. मग अर्धीपेक्षा कमी कशी झाली?" पाचातले दोन म्हणजे अर्ध्याहून कमीच की! ती चक्रावली. मग कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या, प्रत्येकीचे घड्या घालून सहा भाग केले. अर्ध्यात तीन आले, एक तृतीयांशात दोन. एकूण ५/६. वजाबाकी केली तर उरला १/६. समच्छेद म्हणजे तुकडे एका मापाचे करणं, बस्स.

गुणाकारात आणखी गंमत. 'गुणलं की वाढतं' हे डोक्यात पक्कं असतं. '१/२ × १/३' हे 'एक तृतीयांशाचा अर्धा' असं वाचा. तोच भाग अर्ध्यात दुमडा, १/६ दिसेल.

आणि आपली भाषा बघा ना! पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. जुन्या पिढीची तर पावकी, निमकी, दिडकी पाठ असायची. ही मुलगी दुकानातून पाव किलो पोहे आणते, पण 'एक छेद चार' म्हणजे तोच पाव, हे तिला माहीत नव्हतं.

शाळेत पोर्शन संपवायची घाई असते, मान्य. छेद मोठे झाले की नियम लागतोच, तेही मान्य. पण नियम समजल्यानंतर यावा, समजण्याऐवजी नको.

तुम्ही ट्यूशन घेता, भावंडांचा अभ्यास घेता. पुढच्या वेळी २/५ दिसलं, तर फुली मारण्याआधी एक कागद दुमडून बघा. त्या घडीने कुणाची तरी गणिताची भीती वाचेल.